हॅनिगनचं कवच
वेंट्झच्या बारमधल्या जुन्या फोटोत नाक झाकून उभा असलेला खेळाडू मी आहे. तेव्हा मी कॉलेजच्या संघात होतो; रविवारी बाहेर पैसे घेऊन अमेरिकन फुटबॉल खेळतो हे कळलं असतं, तर कॉलेजने हाकलून दिलं असतं. म्हणून मी हॅनिगन या खोट्या नावाने खेळायचो आणि फोटोच्या वेळीही, नाक फुटू नये म्हणून खेळाडू बांधायचे ते रबरी कवच काढलं नाही. आता ओहायोतलं आमचं अख्खं गाव त्या हॅनिगनच्या नावाने ग्लास उंचावतं. काल राहवेना, म्हणून मी बोलून गेलो, "तो मीच." "एल्मरकाका, चढली तुम्हाला!" सगळे खिदळले. आज मी ते कवच घरून आणलं आणि काउंटरवर आपटलं. खेळताना ते दातांत धरावं लागायचं. माझ्या दातांचे ठसे रबरात अजून आहेत. वेंट्झने ते उजेडात धरलं. "माल अस्सल आहे," तो म्हणाला. "धरा बघू दातांत. ठसे जुळले, की तुम्हीच हॅनिगन." मी तोंड उघडलं नाही. शेवटच्या सामन्यात मी बॉल कवटाळून पडलो, तेव्हा एकाचा बूट त्या कवचावर बसला, आणि ते निघालं ते माझे पुढचे दात घेऊनच. बाकीचे यथावकाश गेले. हे वेंट्झला पुरतं ठाऊक आहे. रोज माझा पाव तोच बीअरमध्ये भिजवून देतो. "काका, चोरायचं तर दातांसकट चोरायचं ना!" कुणीतरी ओरडलं. वेंट्झने कवच फोटोखाली खिळ्याला टांगलं. मग सगळे हॅनिगनसाठी ग्लास घेऊन उभे राहिले, आणि मागून एकाने मला ढोसलं, "उठा की काका, मेलेल्या माणसाचा तरी मान ठेवा!"