मार्झानची पाठवणी

"रडून डोळे सुजवू नकोस. नाहीतर तिकडची मंडळी म्हणतील, मधमाश्या चावलेली नवरी गळ्यात मारली," असं म्हणत बातिमाने मार्झानची पांढरी ओढणी सारखी केली. तिचे स्वतःचे डोळे सकाळपासून धड कोरडे नव्हते.

बाहेर नवऱ्या मुलाची गाडी उभी होती. नव्या गोधड्या, पेटी, सगळं भरून झालं होतं. फक्त नवरी हलत नव्हती.

"मला नाही जायचं, आई. तुमच्या गोळ्यांचं कोण बघणार?"

"मेल्या त्या गोळ्या! मी काय दूधपिती आहे? ऊठ."

आज ही गेली नाही तर जन्मभर इथेच माझ्या खोकल्याची राखण करत बसेल, हे बातिमाला पक्कं ठाऊक होतं.

दाराशी थोरले दीर चहाचा वाडगा घेऊन घुम्यासारखे बसले होते. "पोर परक्या कुळात चालली," ते म्हणाले. "आपल्या माणसांतच राहायला हवी होती. वाडवडिलांची रीत आहे, बातिमा."

"रीत तुमची असेल, भाऊजी. पोर माझी आहे."

असं उलट ती त्यांना जन्मात बोलली नव्हती. भाऊजी ताडकन उठून अंगणात गेले. आता हे गाडी अडवतात की काय, या धास्तीने ती दारापर्यंत धावली. पण ते तबेल्याकडे वळले.

नवऱ्या मुलाची आई आत आली आणि तिने बातिमाला मिठी मारली. "तुमच्याएवढं मन मला देवाने दिलं नसतं हो."

"मन कसलं! हिला मेंढीची चरबी सोसत नाही, तेवढं सांभाळा. थंडीत पाय गार पडतात हिचे."

उंबऱ्यात मार्झानने निरोपाचं गाणं धरलं. दुसऱ्या ओळीलाच ती अडली. उरलेलं गाणं बातिमाने पुरं केलं आणि तिला पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं. नवरीने मागे बघायचं नसतं. मार्झानने बघितलं नाही.

गाडी माळावर दिसेनाशी झाली, तशी बातिमा घरात आली. तिने कपाट उघडलं. चादरींखाली सकाळी दडवलेला, खाणीत गमावलेल्या एकुलत्या एका मुलाचा फोटो काढून तिने उराशी धरला.

"अस्खत, रागावू नकोस रे राजा," ती हुंदका देत म्हणाली, "तुझी बायको चांगल्या घरी दिली."