घाबरल्यासारखं

"हार्टचा आजार म्हणजे कर्त्या पुरुषाचा दागिना आहे, कवडूभाऊ!" ताराचंदजींनी धंतोलीतल्या दवाखान्याच्या हॉलमध्ये जाहीर केलं आणि लगेच बायकोपुढे हात पसरला. कारण या दागिन्यासाठी सकाळची गोळी कोणती आणि दुपारची कोणती, हे कर्त्या पुरुषाला ठाऊक नव्हतं. गोपिकाबाईंनी पिशवीतून पिवळी गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याच्या बाटलीचं झाकणही उघडून दिलं.

खापरखेड्याचे कवडूजी बाजूच्या खुर्चीत बसले होते. वीज केंद्रातून रिटायर झालेला माणूस, छातीचं दाखवायला पहिल्यांदाच आलेला. इतका ताजा श्रोता ताराचंदजींना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. कामठीच्या त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक आता खिळे घेऊन पळत सुटे, अटॅकच्या गोष्टीसाठी थांबत नसे.

"हत्ती बसला होता छातीवर, हत्ती!"

"बापा! अन् वहिनीले नाई ना असं काही?"

"तिले काय होते? बाईमाणसाले हार्ट नाई होत गा, गॅस होते."

गोपिकाबाई हसल्या. हसताना जबडा ठणकला. एसीखाली बसूनही कपाळावर घाम आला होता, तो त्यांनी पदरानं टिपला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, मले घाबरल्यासारखं होऊन राहिलं."

"कोणाले घाबरून राहिली वं? घरात तर आम्ही सारे तुलेच घाबरतो!"

कवडूजी मनापासून हसले. समोरच्या बाकावरचे दोघंही हसले. विनोद चांगलाच जमला होता. खरं तर आठवडाभर रोज जमत होता. गल्लीतल्या डॉक्टरनंही तोच केला होता. 'घाबरता कशाले, काकू?' असं म्हणून त्यानं झोपेची गोळी लिहून दिली होती.

गोपिकाबाईंना राग आला नाही. त्यांना भलतंच आठवत होतं. ह्यांना अटॅक आला तेव्हा मौद्याच्या नणंदेपासून सारा गोतावळा घरी येऊन गेला होता. आलेला प्रत्येक माणूस पलंगाशी वाके आणि आवाज बारीक करून विचारे, "आता कसं वाटून राहिलं?" काय तो आवाज! गोपिकाबाई चहाचा ट्रे धरून दारातच उभ्या राहत, पुन्हा एकदा ऐकायला मिळावा म्हणून. नंतर कधीतरी, घरात कुणी नाही असं पाहून, भांडी घासता घासता त्यांनी स्वतःलाच त्या आवाजात विचारून पाहिलं होतं. "गोपिका, कसं वाटून राहिलं वं?" जमलं नव्हतं. नळाचाच आवाज मोठा वाटला होता.

नंबर लागला. आत गेल्याबरोबर, कुणी सांगायच्या आधीच, ताराचंदजी शर्ट काढून टेबलावर पसरले. डॉक्टर मिनल ईसीजीच्या तारा लावायला वाकल्या आणि त्यांची नजर कोपऱ्यात गेली. गोपिकाबाई भिंतीला धरून उभ्या होत्या.

"काकू, काय होतंय?"

"काही नाई जी. घाबरते थोडं."

"तिले चिंता करायची सवयच आहे," टेबलावरून आवाज आला.

"काका, एक मिनिट. काकू, घाबरते म्हणजे कसं? नीट सांगा."

कसं, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. गोपिकाबाईंना शब्द गोळा करावे लागले.

"जीव आतून खाली खाली जाते. उलटीवानी होते. दोन खांद्यांच्या मधात कोणी पाटा ठेवला असं वाटते. जबडा दुखते. अन् पायरी चढली का दम."

"आणि छातीत?"

"हत्ती नाई बसला जी," गोपिकाबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"काका, उठा."

"झाला माझा?"

"तुमचा नंतर."

ताराचंदजींना हार्टच्या टेबलावरून उठवण्याची ही पहिलीच वेळ. ते शर्ट पोटाशी धरून भिंतीपाशी उभे राहिले. तारा गोपिकाबाईंना लागल्या आणि मशीनमधून पट्टी सरकत आली. डॉक्टर मिनलनी ती एकदाच पाहिली आणि फोन उचलला. मग त्या गोपिकाबाईंजवळ आल्या.

"काकू, हा अटॅकच आहे. पुष्कळ बायकांना असाच येतो, छातीत फार न दुखता. आत्ता वर न्यायचं आणि नस उघडायची. घाबरू नका."

"घाबरत नाई जी मी," गोपिकाबाई म्हणाल्या. "नुसतं घाबरते."

"लहानसाच असन ना, मॅडम?" ताराचंदजींनी विचारलं.

"तुमचा होता, त्याहून मोठा दिसतो, काका."

स्ट्रेचर लिफ्टकडे निघालं. ताराचंदजी अनवाणी, उघड्या अंगानं बाजूनं पळत होते. चेहरा पांढराफटक. एका हातानं त्यांनी बायकोचं मनगट घट्ट धरलं होतं, जणू गर्दीच्या बाजारात ती हरवणार होती. हा चेहरा इतक्या जवळून आपण कधी पाहिला होता, हे गोपिकाबाईंना आठवेना. ताराचंदजींचे डोळे भरले होते.

लिफ्टचं दार उघडलं. ताराचंदजी वाकले. आवाज बारीक झाला. अगदी तसाच बारीक. गोपिकाबाईंनी श्वास रोखला. उत्तर त्यांच्याकडे कधीचं तयार होतं, 'आता बरं आहे जी.'

"गोपिका," ते म्हणाले, "बरी होऊन घरी आली का लोकं भेटाले येतीन. तेवढं माझाच मोठा होता म्हणून सांगजो वं."