हिरवं फडकं

खाडिलकर सरांची गाडी समोर परवीनच्या गॅरेजात शिरली, तसा दिगंबर मेस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक कालच्या पोरीनं पळवलं!

महिन्यापूर्वी मेस्त्रींनीच सर्व्हिसिंग केलं होतं. तेव्हापासून गाडी पिकअप घेईना, चढावर रडायची. त्यांनी प्लग बदलले, पेट्रोलची लाइन साफ केली, फरक शून्य. एअर फिल्टरचा डबा मात्र पुन्हा उघडला नाही. तो तर आपल्याच हातानं पुसलेला!

परवीननं नेमका तोच डबा उघडला, आत हात घातला आणि मिटलेली मूठ खिशात घातली. गाडी समोरचा चढ सुसाट चढून आली.

"काय होतं गं?" सरांनी विचारलं.

"हवेच्या वाटेत कचरा अडकला होता, सर. होतं असं."

दुपारी ती रस्ता ओलांडून आली. "काका, तुमचं राहिलं होतं," म्हणत तिनं मेस्त्रींच्या हातात हिरवं फडकं ठेवलं. त्यांच्या बायकोच्या जुन्या लुगड्याचं.

सरांसमोर बोलली असती, तर तिला मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. इतके दिवस मेस्त्री तिच्या हुशारीवर जळत होते. आता चांगुलपणावरही जळायची पाळी आली.