दारातला दांडा

गाडी घ्यायला आलेला माणूस भलताच चिकित्सक निघाला. मोबाइलला वायरीनं जोडलेला इवलासा कॅमेरा त्यानं इंजिनात घातला, सीटखाली घातला, जिथं फट दिसेल तिथं घातला. काकू मनातून वैतागल्या. गाडीला काय नाक-कान-घसा आहे?

"या दाराला काही झालं होतं?"

"लेकीच्या हातून खांबाला जरासं घासलं होतं. रंग लावून आणला तिनं, बस्स."

त्यानं चालकाच्या दारात काचेच्या फटीतून कॅमेरा सोडला आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. दाराच्या पोटातला जाड लोखंडी दांडा धनुष्यासारखा आत वाकला होता.

"घासलंय कसलं, काकू! सणसणीत धडक आहे. हा दांडा नसता तर दार थेट बरगड्यांत घुसलं असतं. मला नको ही गाडी."

वर गॅलरीतून लेकीनं केस पुसत विचारलं, "आई, पसंत पडली का गं त्यांना?"

काकूंनी मान वर करून लेकीला डोळे भरून पाहिलं. तो वायर गुंडाळू लागला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"गाडी राहू द्या हो. त्या दांड्याचा फोटो तेवढा मला देऊन जा. कुणाच्या पाया पडायचं, ते आज कळलं."