सोळावा फोन

सिद्धीने ड्रोनची बॅटरी तिसऱ्यांदा काढून घातली. दिवा पुन्हा लाल लुकलुकायला लागला आणि फोनवर तेच उत्तर आलं: जोडणी नाही.

आमोणे गावच्या बांधावर सोळा माणसं तिच्याभोवती उभी होती. दोन दिवस नदीचं खारं पाणी कुठूनतरी शेतात शिरत होतं आणि गवत माजल्यामुळे भोक कुणाला सापडत नव्हतं. आज अमावास्येची भरती. दुपारी बाराच्या आत भोक बुजलं नाही तर बांध फुटणार, उभं भात जाणार. वरून गढूळ पाणी दिसेल असं काल सभेत सिद्धीनेच छातीठोकपणे सांगितलं होतं. आता ड्रोन उडतच नव्हता.

"चाळीस वर्सां हो बांध हांव पांयांनी पळयतां," दत्तारामकाका म्हणाले. पाण्याच्या दाराची फळी वरखाली करण्याचं काम त्यांचं. "तुजें खेळणें चालू जाय मेरेन भरती रावची ना."

खेळणं चालू होईपर्यंत भरती थांबणार नाही, हे सिद्धीलाही कळत होतं. तिने मोबाइल डेटा बंद केला. वायफाय तोडून पुन्हा जोडलं. काही नाही. मग तिला आठवलं, हा स्वस्तातला ड्रोन एका वेळी एकाच फोनशी बोलतो. आणि काल अंगणात चाचणी घेताना अख्ख्या वाड्याने हौसेने आपापले फोन त्याला जोडून पाहिले होते; त्यातलाच एखादा आता आपोआप जोडला जात असणार.

"सगळ्यांनी वायफाय बंद करात."

पंधरा फोन निघाले, पंधरा बंद झाले. दिवा लालच.

"काका, तुमचो?"

"माका वायफाय कित्याक जाय?" काकांनी खिशावर हात ठेवला. "हांव आपलो पांयांनी सोदतां." आणि ते भोक शोधत बांधावरून तरातरा निघाले.

शंभरेक पावलं गेले असतील, तोच दिवा हिरवा झाला. सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग काकांच्या पाठीकडे.

"काल सगळ्यांत शेवटीं फोन कोणें लायलो, सांगूं?" मंजुळाकाकी, त्यांची बायको, पदराआड हसत म्हणाली. "ड्रोन सोडून जेवंक येनासले ते."

ड्रोन भुर्रकन वर गेला. दोनच मिनिटांत सिद्धीला शेतातल्या पाण्यात एक तांबूस पट्टा दिसला. तो निघत होता काकांच्या पुढ्यातल्याच, डाव्या हाताच्या झुडपाखालून.

"काका, दावे वटेन! झाडामुळांत!"

काकांनी खिशातला फोन काढला, स्वतः बंद केला, बांधावर ठेवला आणि ते चिखलात उतरले. त्यांचा हात खांद्यापर्यंत आत गेला.

"मेळ्ळें!"

माणसं माती आणि पेंढा घेऊन धावली. टोपल्यांवर टोपल्या पडल्या. बाराला दहा मिनिटं असताना भोक बुजलं. भरती बांधाच्या छातीपर्यंत चढली आणि बाहेरच राहिली. सिद्धीला ओरडावंसं वाटलं आणि ती पोटभर ओरडली.

बॅटरी बदलून तिने ड्रोन पुन्हा वर नेला, सगळा बांध एकदा डोळ्यांखालून घालायला. झुडपापाशी काका अजून कमरेपर्यंत चिखलात उभे होते. त्यांना वर घ्यायला चार हात पुढे आले होते, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. मान वर करून, चिखलाने माखलेला हात आकाशाकडे हलवत ते विचारत होते,

"सिद्धी, हांव दिसतां मगे?"