दारावरचं ठिगळ

प्रोग्रॅमिंगच्या ऑनलाइन वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या अकरा चौकटींपैकी दहांत तरणी पोरं होती आणि अकरावीत बार्शीच्या द्वारकाबाई, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी.

सहा वर्षांपूर्वी भर पंगतीत लेक मंदा त्यांना "अडाणी" म्हणाली होती. द्वारकाबाईंनी तिथल्या तिथं दाराला बजावलं, "हिला उंबरा ओलांडू देऊ नकोस." दारं तेव्हा ब्लॉकचेनवर, म्हणजे कधीच न पुसल्या जाणाऱ्या डिजिटल नोंदवहीवर, चालू लागली होती. बंदी तोंडी चाले, पण पुसता येत नसे. ती उठवायला घरमालकाला स्वतः प्रोग्रॅम लिहावा लागे. राग महिन्याभरात विरला, दार मात्र ऐकेना. मायलेकी सणावाराला पायरीवर बसून करंज्या खात.

"आजी, फंक्शन, म्हणजे तुम्ही लिहिणार तो प्रोग्रॅमचा तुकडा, जुन्या नोंदीला हात लावत नाही," तन्वी मॅडम समजावत होत्या. "ती घेऊन नवी तयार करतं. दार शेवटची नोंद मानतं."

"म्हणजे गोधडीच की! जुनं लुगडं उसवायचं नाही, वरून ठिगळ लावायचं. पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं गं?"

पोरं खो खो हसली. द्वारकाबाईंनी एकेक अक्षर हुडकत सात ओळी लिहिल्या आणि पायरीवर बसलेल्या मंदाला हाक मारली.

कडी सरकली. मंदानं दारावरच्या पडद्यावर वाचलं: जुनी बंदी तशीच होती, त्याखाली नवी नोंद: "मंदाला आत येऊ दे."

"आई, कुणाकडून लिहून घेतलंस हे?"

"आहे एक अडाणी बाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "चपला नीट काढ आणि आत ये. चहा निवतोय."