कानाचा कागद

"सावळीराम, आजपासून तू ओळीत उभा राहायचं नाहीस," खंडेरावबुवा म्हणाले, तेही भर मंडळीत. "तुझा ताल चुकतो. कान गेलेत तुझे. गंगापूर रोडच्या माझ्या डॉक्टरांचा कागद आण, मग टाळ धर."

वीस वर्षं सावळीराम बुवांच्या पाठीशी टाळ घेऊन उभा राहत आला होता. कीर्तन म्हणजे त्याचा प्राण. झेंडूचा तोडा एक वेळ राहील, पण एकादशी चुकायची नाही.

"बुवा, आजवर कधी चुकलोय का मी? सांगा की!"

बुवा तोवर पाठ फिरवून देवळाबाहेर पडले होते.

सावळीराम आनंदवल्लीच्या मळ्यात परतला तो धुमसतच. "वीस वर्षांची सेवा, अन् हे फळ! कोणाला तरी माझी जागा द्यायची असंल."

"दाखवा की कान," त्याची बायको गोजराबाई म्हणाली. "आन् दम लागतो, त्ये बी दाखवा. वरीस झालं सांगतीय."

"दमाचं पांडुरंग बघंल. टाळकऱ्याला बहिरा म्हणतो म्हंजे काय?"

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्याचे दोन जिने चढून गेला आणि दारातच टेकला. डॉक्टरांनी चिमट्यासारखा नादकाटा वाजवून कानाशी धरला, काहीतरी लिहिलं, आणि मग त्याच्या छातीला तारा लावल्या.

"डॉक्टरसाहेब, दुखणं कानाचं अन् छाती कशापायी उघडी करताय?"

"आतल्या कानाच्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक असतात. हृदयाचा जोर कमी पडला, तर तिथला रक्तपुरवठा तुटू शकतो. तुमचं हृदय थकलंय. तंबाखू बंद. गोळ्या रोज. आधी थोडं, मग वाढवत सोमेश्वराच्या देवळापर्यंत चालायचं. कागद तीन महिन्यांनी."

तीन महिने! सावळीरामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कागदाशिवाय टाळ नाही.

तो रोज पहाटे चालायला लागला. लोक चालताना हरिनाम घेतात, हा बुवांचा उद्धार करायचा. "ढोंगी!" एक पाऊल. "तोंडात अभंग, पोटात काळं!" दुसरं पाऊल. एकादशीला कीर्तन ऐकायचा तो देवळाबाहेर, चपलांपाशी उभा राहून. आतल्या टाळांबरोबर त्याचे रिकामे हात आपोआप हलायचे, आणि डोळे भरून यायचे. त्याचाही राग तो बुवांवरच काढायचा.

तीन महिन्यांनी तो दोन्ही जिने एका दमात चढला. डॉक्टर खूश झाले. त्यांनी कागद लिहून दिला.

"म्हंजे कान सुधारले?"

"कान? ते पहिल्या दिवशीही उत्तमच होते."

सावळीराम तिथून निघाला तो थेट देवळात. कीर्तनाला वेळ होता. बुवा देवाकडे तोंड करून फेटा बांधत होते. मृदंगी देवराम कोपऱ्यात वाद्या ओढत बसला होता.

"खोटं बोललात तुम्ही!" सावळीराम बुवांच्या पाठीमागून गरजला. "भर मंडळीत माझं नाक कापलंत! हा बघा कागद. कान शाबूत हायेत माझे!"

बुवांनी फेट्याचा एक वेढा घेतला.

"आता बहिऱ्याचं सोंग घेता व्हय?" त्यानं खुंटीवरचे टाळ उचलले आणि बुवांच्या कानाशी खणकन् आपटले. "सांगा, कुठं चुकतो ताल?"

बुवांनी शांतपणे दुसरा वेढा घेतला.

देवरामनं धावत येऊन त्याचं मनगट धरलं. "सोंग नाय रं त्ये. दोन वर्षं झाली, कान गेलेत त्यांचे. छातीचं दुखणं अंगावर काढलं, त्यात गेले. माझ्या हाताकडं बघून गातात. कुणाला सांगू नको म्हणालेत."

सावळीरामाच्या हातातले टाळ लोंबत राहिले. "मग माझा ताल चुकतो, हे त्यांना कळलं कसं?"

"ताल कुठला कळतोय त्यांना? तू मागं उभा ऱ्हायचास, तव्हा तुझी धाप लागायची त्यांच्या मानेला."